तीन पौंडांत सापडलेली थोरली बहीण : इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या नोंदसेवेचे परीक्षण

माझ्या सासूबाई जन्माने आणि वळणाने लँकेशायरच्या आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक जुना फोटो आहे. काळ्या पोशाखातली, केस घट्ट मागे बांधलेली एक बाई खुर्चीवर बसली आहे आणि फोटो काढणाऱ्याने आता लवकर आटपावे, घरी कामे पडली आहेत, अशा नजरेने समोर पाहते आहे. ही सासूबाईंची पणजी. तिच्याविषयी घरात तीनच गोष्टी सांगितल्या जात असत: ती ब्लॅकबर्नच्या कापड गिरणीत कामाला होती, तिला नऊ मुले झाली आणि तिच्या लग्नाविषयी कोणी काही विचारायचे नसते. फोटोबरोबर एक बायबलही आहे. त्याच्या आरंभी कौटुंबिक नोंदींसाठी राखलेल्या पानावर नऊ मुलांची नावे जन्मतारखांसह लिहिलेली आहेत, त्यांतली पहिली तीन एका शाईने आणि उरलेली सहा दुसऱ्या शाईने. लग्नाची ओळ मात्र कोरी आहे.

गेल्या वर्षी सासूबाईंनी ही कोरी ओळ मला दाखवली आणि, मी मुंबईत कधीकाळी एका ग्रंथालयात काम केले होते एवढ्या भांडवलावर, शोधाचे काम माझ्याकडे सोपवले. त्या निमित्ताने इंग्लंडमधील पूर्वजशोधाच्या बहुतेक सगळ्या सेवा मी वापरून पाहिल्या. हे परीक्षण मुख्यतः त्यांतल्या सरकारी सेवेचे, म्हणजे इंग्लंड व वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीचे आणि तेथून विकत मिळणाऱ्या नोंदींचे आहे. इतर सेवांचा उल्लेख जिथे त्या उपयोगी पडल्या तिथे येईल. घरच्यांनी नावे न लिहिण्याची अट घातली असल्यामुळे ‘पणजी’ आणि ‘थोरली बहीण’ एवढीच ओळख वाचकांनी चालवून घ्यावी.

आधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची मुलकी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. नोंद स्थानिक निबंधकाच्या वहीत होई आणि दर तीन महिन्यांनी तिची नक्कल लंडनला पाठवली जाई. आज आपण जनरल रजिस्टर ऑफिसकडून जे विकत घेतो ते या नकलेचे चित्र असते, मूळ वहीचे नव्हे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. शिवाय जन्म नोंदवला नाही तर दंड, ही तरतूद १८७५ पासून लागू झाली. त्याआधीची एखादी नोंद मिळाली नाही तर शोध चुकला असे लगेच समजू नये.

या सेवेची खरी मौल्यवान गोष्ट विकतची नाही, फुकटची आहे. ती म्हणजे २०१६ मध्ये खुली झालेली जन्म-मृत्यूंची नवी सूची. जुन्या छापील सूचीत मुलाच्या नावापुढे आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या उत्तरार्धापासून येऊ लागले होते, तर नव्या सूचीत ते थेट १८३७ पासून मिळते. मृत्यूच्या सूचीत वयही पहिल्या वर्षापासून दिलेले आहे; जुन्या सूचीत ते १८६६ पूर्वी नव्हते. पुरुषाचा माग काढणाऱ्याला या सुधारणेचे फारसे अप्रूप वाटणार नाही, कारण त्याचे आडनाव जन्मापासून मरणापर्यंत एकच राहते. बाईच्या बाबतीत आडनाव बदलले की वाटच तुटते आणि ती जोडायला माहेरच्या आडनावाखेरीज दुसरा धागा नसतो. आपल्याकडे तर पुष्कळ घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत असे, त्यामुळे माझ्या स्वतःच्या पणजीला शोधायला निघाले तर मी पहिल्याच वळणावर अडेन. त्या मानाने इंग्रज बाईचे निदान पहिले नाव तरी तिच्यापाशी राहते.

सूची वापरायला खाते उघडावे लागते. शोधताना मूल मुलगा की मुलगी हे सांगावे लागते आणि एका वेळी निवडलेल्या वर्षाच्या मागे-पुढे फार तर दोन वर्षेच पाहता येतात. वीस वर्षांच्या संसारातली मुले शोधायची म्हणजे हाच अर्ज आठ-दहा वेळा भरावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण मी तक्रार करणार नाही, कारण या सक्तीच्या संथपणामुळे मी प्रत्येक ओळ नीट वाचली. सासरचे आडनाव आणि माहेरचे आडनाव अशी जोडी घालून ब्लॅकबर्न जिल्ह्यात शोध घेतला तेव्हा १८७४ ते १८९३ या काळातले नऊ जन्म एकापाठोपाठ एक मिळाले. बायबलमधल्या नऊ नावांशी ते तंतोतंत जुळले. एक बाप, एक माहेर, नऊ मुले. घरची कहाणी खरी ठरली असे मी सासूबाईंना फोन करून सांगितलेसुद्धा. तो फोन मी जरा घाईने केला होता.

कारण सूचीत आईचे माहेरचे आडनाव असते, पण आईचे स्वतःचे नाव नसते. ही उणीव मी शंभरदा डोळ्यांखालून घातली असेन, आणि एकदाही ती उणीव म्हणून जाणवली नाही.

ठिणगी पडली ती १८८१ च्या खानेसुमारीत. या खानेसुमारीचे लिप्यंतर फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री ब्लॅकबर्नमधल्या त्या घरात कुटुंबप्रमुख म्हणून पणजोबा आहेत आणि त्यांच्या वैवाहिक स्थितीपुढे ‘विधुर’ असे लिहिलेले आहे. त्यांची तीन मुले आहेत, सहा, चार आणि एक वर्षाची. शेवटची ओळ पणजीची: वय २६, अविवाहित, कापूस गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी, आणि नात्याच्या रकान्यात ‘सिस्टर-इन-लॉ’. इंग्रजीतला हा शब्द आळशी आहे. तो भावाची बायको, नवऱ्याची बहीण आणि बायकोची बहीण या तिघींनाही एकाच खुंटीला टांगतो. मराठीत लिहिलेली खानेसुमारी असती तर एका शब्दात उलगडा झाला असता. येथे ती अविवाहित होती आणि तिचे आडनाव माहेरचे होते, म्हणून हिशेब करून म्हणावे लागले: मेहुणी.

याचा अर्थ पहिली तीन मुले तिची नव्हती. नऊ मुलांच्या त्या एकसंध यादीत दोन सख्ख्या बहिणी होत्या, आणि दोघींचे माहेर अर्थातच एक असल्यामुळे सूचीने त्यांची एकच बाई करून टाकली होती.

येथे विकतच्या नोंदी कामाला येतात. जनरल रजिस्टर ऑफिस तीन स्वरूपांत नोंद देते. कागदी प्रमाणपत्र साडेबारा पौंडांना, पीडीएफ आठ पौंडांना आणि नुसते डिजिटल चित्र तीन पौंडांना, हे मी मागवल्या तेव्हाचे, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये वाढलेले दर आहेत. पीडीएफला चार-पाच दिवस लागतात, चित्र पैसे भरताच खात्यात दिसू लागते. या दोहोंना कायदेशीर पुराव्याचे मोल नाही, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी कोणाला कोर्टात जायचे आहे? तीन पौंडांच्या चित्रांची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे मिळतात, पण मृत्यू फक्त १८८७ पर्यंतचे. त्यानंतरच्या मृत्यूसाठी पीडीएफ घ्यावी लागते आणि विवाहासाठी कागदी प्रमाणपत्राशिवाय पर्याय नाही.

पहिले तीन पौंड मी माझ्याच उतावळेपणाने घालवले. पणजीच्या जन्माची म्हणून जी नोंद मागवली ती त्याच जिल्ह्यातल्या, त्याच नावाच्या, दोन वर्षांनी मोठ्या दुसऱ्याच मुलीची निघाली. तिच्या आईचे माहेर मी आधी ताडून पाहायला हवे होते. दुसऱ्या खेपेस योग्य नोंद मिळाली: नोव्हेंबर १८५४. तिसऱ्या आणि चौथ्या मुलाच्या जन्मनोंदी एकमेकींशेजारी लावल्या तेव्हा फरक एका दृष्टिक्षेपात दिसला. १८७९ च्या नोंदीत आईच्या रकान्यात थोरल्या बहिणीचे नाव, १८८३ च्या नोंदीत पणजीचे, आणि ‘पूर्वाश्रमीची’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दानंतर दोन्हीकडे एकच आडनाव.

मग थोरल्या बहिणीच्या मृत्यूची नोंद मागवली. साऱ्या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागलेले तीन पौंड हेच. ऑक्टोबर १८७९, वय २७. व्यवसायाच्या रकान्यात तिचा व्यवसाय नाही, नवऱ्याचा आहे: विणकामावरच्या देखरेख्याची बायको. (मुंबईच्या गिरणीत ज्याला जॉबर म्हणत, साधारण तसा हा माणूस.) मृत्यूचे कारण बाळंतज्वर, आठ दिवस. त्यानंतर खबर देणाऱ्याचा रकाना येतो. हा रकाना बहुतेक लोक वाचत नाहीत, आणि मी प्रत्येकाला तो सर्वांत आधी वाचायला सांगेन, कारण मरणाऱ्याच्या उशाशी कोण होते ते तेथेच कळते. येथे पणजीचे नाव आहे, ‘मृत्युसमयी हजर’ असे शब्द आहेत आणि नावाच्या मध्ये एक फुली आहे. चोवीस वर्षांची ती मुलगी बहिणीच्या मरणाची वर्दी द्यायला निबंधकाकडे गेली होती आणि तिने सहीऐवजी फुली मारली होती. वर म्हटल्याप्रमाणे हे चित्र नकलेचे असल्यामुळे ही फुली तिच्या हातची नाही, कारकुनाने नकलताना काढलेली आहे. तरीही तिने फुलीच मारली होती एवढे त्यावरून निश्चित होते.

आता प्रश्न लग्नाचा. विवाह सरकारच्या नव्या सूचीत नाहीत, त्यामुळे येथे फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांनी उभारलेल्या आणि पूर्णतः विनामूल्य असलेल्या सूचीकडे वळावे लागते. जुन्या सूचीत १९१२ पूर्वी जोडीदाराचे आडनाव छापलेले नसते. फ्रीबीएमडीवर मात्र नोंदीच्या पृष्ठक्रमांकावर टिचकी मारली की त्याच पानावरच्या इतर व्यक्तींची नावे येतात आणि त्यांत आपला माणूस आहे का ते ताडता येते. ब्लॅकबर्नमध्ये काहीच मिळाले नाही. आसपासच्या जिल्ह्यांतही नाही. शेवटी जिल्ह्याची अट काढून टाकल्यावर १८८२ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत दोघांची नावे एकाच पानावर सापडली, आणि जिल्हा होता मँचेस्टर.

मँचेस्टरच का, याचे उत्तर कायद्यात आहे. १८३५ च्या विवाह कायद्याने इंग्लंडमध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी केलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरवले होते. ज्यांच्यापाशी पैसा होता ते परदेशी जाऊन लग्न लावत. चित्रकार विल्यम होल्मन हंट याने १८७५ मध्ये आपल्या दिवंगत पत्नीच्या बहिणीशी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे विवाह केला. गिरणीतल्या देखरेख्याला स्वित्झर्लंड कोठून परवडणार? तो आगगाडीने तासा-दीड तासावरच्या मोठ्या शहरात गेला, जेथे पाद्र्याला वधूचे आडनाव ओळखीचे वाटण्याची धास्ती नव्हती. हा कायदा १९०७ मध्ये बदलला आणि आधी लागलेली अशी लग्नेही वैध मानली गेली. म्हणजे पंचवीस वर्षे संसार करून, सहा मुले वाढवून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी पणजी कायद्याच्या दृष्टीने विवाहित झाली. माझ्या आजोळी बहीण गेल्यावर धाकटीला त्याच घरी देणे ही इतकी सरावाची गोष्ट होती की तिला कोणी बातमीही म्हटले नसते; येथे त्याच गोष्टीसाठी बायबलातली ओळ कोरी ठेवावी लागली.

विवाहाचे कागदी प्रमाणपत्र न मागवता मी चर्चच्या मूळ नोंदवहीचे चित्र पाहिले, आणि हाच मार्ग मी सुचवेन. मँचेस्टर कॅथीड्रलच्या जुन्या विवाहनोंदी एका मोठ्या सशुल्क संकेतस्थळावर आहेत, पण ब्रिटनमधल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत अशी संकेतस्थळे वाचकांना फुकट वापरता येतात. मी सेंट पीटर्स स्क्वेअरमधल्या मँचेस्टर सेंट्रल लायब्ररीत बसून ते पान उघडले. दोघांचा पत्ता मँचेस्टरमधला, एकाच रस्त्यावरचा. बहुधा चार-दोन आठवड्यांसाठी घेतलेला किंवा कोणा ओळखीच्याचा. वर विधुर, वधू कुमारिका. त्याच्या व्यवसायापुढे ‘देखरेख्या’, तिच्या व्यवसायापुढे आडवी रेघ, जरी ती त्या आठवड्यापर्यंत गिरणीत राबत असावी. दोघांच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय आहेत, आयांचा पत्ता नाही, कारण इंग्लंडच्या विवाहनोंदीत आईच्या नावाला जागा मिळाली ती मे २०२१ मध्ये. आणि खाली सही. या वेळी फुली नव्हती. तिने आपले पूर्ण नाव लिहिले होते, अक्षरे सुरुवातीला मोठी आणि पुढे जागा पुरेनाशी होऊन बारीक होत गेलेली, शेवटचे अक्षर तर रकान्याच्या रेघेवर चढलेले. मधल्या तीन वर्षांत ती लिहायला शिकली, की तिला आधीपासून येत होते आणि बहिणीच्या मरणाच्या दिवशी हात चालला नाही, हे कोणतीही नोंद सांगत नाही. त्या पानापुढे मी बराच वेळ बसून राहिले. सरकारी नकलेत हे अक्षर मला दिसले नसते.

नोंदींचे हे असे असते. बाई तिथे असते, पण कोणाच्या तरी संदर्भाने असते. १८६१ च्या ७ एप्रिलच्या खानेसुमारीत पणजी सहा वर्षांची, शाळेत जाणारी मुलगी आहे. पाचच दिवसांनी अमेरिकेत फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरला येणाऱ्या कापसाचा मुख्य झरा आटत गेला. गिरणीत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा करण्याची किमान मर्यादा तेव्हा आठ वर्षांची होती. ती आठ वर्षांची झाली ती १८६२ च्या नोव्हेंबरात, जेव्हा कापूस-पट्ट्यातले पाच लाखांच्या आसपास लोक मदतीवर जगत होते. तिचे त्या हिवाळ्यात काय झाले ते कोठेही लिहिलेले नाही. त्या काळात पर्याय म्हणून जो कापूस आला तो मुंबई बंदरातून. तो खानदेशातला असो, वऱ्हाडातला असो, लँकेशायरच्या बाजारात त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि विणकर या नावाने बोटे मोडत. धागा आखूड, कचरा फार, सूत सतत तुटे, आणि मजुरी मिळे ती विणलेल्या कापडाच्या मापाने. त्याच कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरांचा जो धिंगाणा चालला आणि १८६५ मध्ये कोसळला, तो आपल्याला शाळेत शिकवतात. दुसऱ्या टोकाला माग थांबवून तुटलेले सूत सांधणाऱ्या बाया शिकवत नाहीत. माझे आजोबा गिरणगावात साचेखात्यात होते. मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली ते १८५४ हे साल आणि पणजीच्या जन्माचे साल एकच आहे, हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तुझ्या-माझ्या घरांची भांडणं लग्नाआधीपासूनची आहेत.”

१८७१ मध्ये पणजी सोळा वर्षांची विणकर आहे, १८८१ मध्ये कांड्या भरणारी, आणि १८९१ मध्ये, ‘पत्नी’ झाल्यावर, व्यवसायाचा रकाना रिकामा आहे. यावरून तिने काम सोडले असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ब्लॅकबर्नमध्ये लग्न झालेल्या पुष्कळ बाया मागावर जात; पण पत्रक बहुधा कुटुंबप्रमुख भरत असे, आणि घरकामाला व्यवसाय मानणे १८८१ पासून अधिकृत वर्गीकरणातही बंद झाले होते. त्याच पत्रकात थोरल्या बहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा ‘अर्धवेळ’ गिरणीकामगार म्हणून नोंदलेला आहे. तो आता ‘मुलगा’ आहे आणि पणजी ‘पत्नी’. १८८१ चे पान शेजारी नसेल तर तो तिचाच वाटावा.

१९११ ची खानेसुमारी मात्र बायकांचा माग काढणाऱ्यांसाठी पर्वणी आहे. त्या वर्षी प्रथमच विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती गेली, हे विचारले गेले. आणि घरच्यांनी स्वतः भरलेली मूळ पत्रकेच जपून ठेवलेली आहेत. पणजोबांच्या टोकदार अक्षरात चार आकडे आहेत: २८, ६, ४, २. घरच्या कहाणीतले नऊ येथे सहा झाले, आणि त्या सहांतले दोन गेलेले. लग्नाची वर्षेही मँचेस्टरच्या नोंदीशी चोख जुळतात. १९०७ चा कायदा झाल्यानंतर हे आकडे लिहिताना त्यांचा हात थोडा सैल पडला असेल असे मला वाटते, पण हा माझा भावुकपणा आहे.

एका सशुल्क संकेतस्थळाविषयीही लिहायला हवे. त्याचे नाव घेत नाही. चौदा दिवसांच्या फुकट चाचणीनंतर वर्षभराची वर्गणी आपोआप कापली गेली, यात चूक माझीही होती. पण लिप्यंतराचा दर्जा पाहून मी थक्क झाले. इंग्रजीत कांड्या भरणारीला ‘वाइंडर’ म्हणतात आणि विधवेला ‘विडो’. घाईच्या हस्ताक्षरात दोन्ही शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात. लिप्यंतर करणाऱ्याने १८८१ मधल्या सव्वीस वर्षांच्या अविवाहित पणजीला विधवा करून टाकले होते. त्यावर कळस म्हणजे एका सदस्याने त्या ‘विधवे’साठी एक मृत नवराही शोधून आपल्या वंशवृक्षात बसवला होता. दुसऱ्या तीन वृक्षांत दोन्ही बहिणी एक करून तिला १८७९ मध्ये मारले होते आणि तिला पुढची सहा मुले मरणोत्तर झालेली दाखवली होती. एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. हाताशी मूळ चित्र असताना त्यावर टिचकी मारायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे की, इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वसामान्य बाईचा शोध घेणाऱ्याने वार्षिक वर्गणीपासून सुरुवात करू नये. फ्रीबीएमडी, फॅमिलीसर्च आणि जनरल रजिस्टर ऑफिसची सूची या तीन फुकट साधनांनी सांगाडा उभा करावा, सशुल्क संकेतस्थळे ग्रंथालयात बसून वापरावीत आणि पैसे फक्त नोंदींच्या चित्रांवर खर्च करावेत. लँकेशायरपुरते बोलायचे तर चर्चच्या नोंदींसाठी लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स हा स्वयंसेवी प्रकल्प फार कामाचा आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या सेवेला मी पाचांपैकी साडेचार देते. विवाहाची नोंद जर तीन पौंडांत मिळू लागली तर उरलेला अर्धाही देईन.

माझा हिशेब असा झाला: तीन पौंडांची पाच चित्रे, त्यांतले एक चुकीचे, थोरल्या बहिणीच्या १८७३ मधल्या लग्नाचे कागदी प्रमाणपत्र साडेबारा पौंड, आणि पणजीच्या मृत्यूची पीडीएफ आठ पौंड. एकूण साडेपस्तीस. पणजी १९२६ मध्ये गेली. तिच्या मृत्युनोंदीतही व्यवसायाच्या रकान्यात ती कोणाची तरी विधवा आहे. पण खबर देणारी मुलगी, ‘मृत्युसमयी हजर’, म्हणजे सासूबाईंची आजी. तो कागद सासूबाईंनी हातात धरून ठेवला आणि त्यावरचा पत्ता दोनदा मोठ्याने वाचला. त्या घराच्या मागच्या अंगणात त्या लहानपणी खेळलेल्या आहेत.

मग त्यांनी विचारले की या सगळ्यात थोरलीच्या जन्माची नोंद कोठे आहे. मी म्हटले, ती तुमची पणजी नव्हे, म्हणून मागवली नाही. “तिची तीन मुलं माझ्या पणजीनं वाढवली,” त्या म्हणाल्या, “आणि तू तीन पौंडांचा विचार करतेस?” नोंद मी त्याच संध्याकाळी मागवली. एकूण खर्च साडेअडतीस पौंड.